चूक सांगायची कोणाला?

दिवाळीत मुरुमला गेलो होतो. हातात चकली आणि तोंडात नेहमीचं रडगाणं: रिलीजच्या आधी बग दिसला होता, पण बॉस खवळेल म्हणून गप्प बसलो. मावशी रिटायर्ड नर्स. म्हणाली, "तुझ्या बगनं कुणाचं हार्ट बंद पडत नाही रे!"

मग तिनं तिचा किस्सा सांगितला. नाइट ड्यूटी. अँटिबायोटिक कालवायला डिस्टिल्ड वॉटर हवं होतं, हातात आलं पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही अँप्यूल एकाच ट्रेमध्ये, दिसायला जुळ्या बहिणी. पोटॅशियम तसंच शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. सुदैवानं तिनं लेबल वाचलं.

"मग रिपोर्ट केलंस?"

"येडा आहेस का? आदल्याच आठवड्यात एकीनं चूक स्वतःहून लिहून दिली, तर तिलाच मेमो!"

ट्रे तसाच राहिला. महिन्याभरात दुसऱ्या सिस्टरच्या हातात तीच अँप्यूल आली. तिनंही ऐनवेळी लेबल वाचलं, म्हणून निभावलं.

पुढे नवी मेट्रन आली. पहिल्याच हँडओव्हरला तिनं स्वतःची जुनी चूक सांगितली आणि विचारलं, "तुम्हाला इथं कशाची भीती वाटते?" मावशीनं ट्रे दाखवला. संध्याकाळपर्यंत पोटॅशियम वेगळ्या कपाटात, कुलपात!

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनाही असंच काहीसं आढळलं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चांगल्या नर्सिंग टीम्समध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली. कारण तिथे लोक चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होते. तेव्हा 'झीरो एरर'चा चार्ट बघून खूश होणाऱ्या बॉसनं जरा घाबरायलाच हवं.

आता आपल्याकडचं बघा. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. चौकशीनंतर सिव्हिल सर्जन निलंबित झाले, नर्सवरही कारवाई झाली. दोन कंत्राटी नर्सची तर नोकरीच गेली. जबाबदारी ठरायलाच हवी, वादच नाही. पण उद्या एखाद्या वॉर्डात वायर गरम लागली, तर ते सांगायला कोण पुढे येईल? ते ठरतं तिथल्या साहेबांच्या पहिल्या प्रश्नावर. "कोणी केलं?" की "कसं झालं?"

सोमवारी ऑफिसात बग सांगून टाकला. बॉस आधी लाल झाला, मग म्हणाला, "कसा शिरला, दाखव."

तुमच्या ऑफिसात पहिला प्रश्न कुठला असतो?