बटवड्याची शेवटची पायरी

पोस्टमनची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली, की सारी आळी जागी होत असे. कोणाचा मुलगा कोठे नोकरीस आहे, कोणाच्या दाराला दुपारी कुलूप असते, हे सारे त्याला ठाऊक असे. आजही दिवाळीचा फराळ इंदूरहून बंगळूरला जातो, मुलाने धाडलेली औषधे नागपुरातील वृद्ध आईबापांच्या दारी येतात; परंतु ती आणणारा माणूस पुष्कळदा अनोळखी असतो. शेकडो कोस सुखरूप आलेल्या पार्सलाचा घोटाळा होतो, तो शेवटच्या चार पावलांत.

याचे कारण उघड आहे. आगगाडी, विमान आणि वर्गवारीची यंत्रे हजारो पार्सले एकदम हलवितात; दाराशी मात्र एकच माणूस एकेक नग घेऊन येतो. खासगी सेवांत त्याचा मोबदला अनेकदा नगावर ठरलेला असतो. दार बंद दिसले, की त्याची फेरी फुकट जाते. मग पार्सल उंबरठ्यावर ठेवले जाते, पहारेकऱ्याच्या हवाली होते, किंवा न पोचताच ‘पोचले’ अशी नोंद होते.

पहिला उपाय पत्त्याचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. त्यातील सहा आकड्यांपैकी पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा दाखवितात, शेवटचे तीन बटवड्याचे पोस्ट दाखवितात. म्हणजे पिनकोड पोस्टापर्यंत नेतो, दारापर्यंत नव्हे. ती उणीव भरून काढण्यासाठी २०२५ साली टपालखात्याने दहा अक्षरांचा ‘डिजिपिन’ आणला. तो सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा चौकोन दाखवितो. तथापि उंच इमारतीत एकाच चौकोनावर अनेक घरे असतात. म्हणून मजला, घरक्रमांक आणि जवळची ठळक खूण लिहिणे आजही अटळ आहे.

दुसरा प्रश्न पैशांचा. व्ही. पी. ची पद्धत हिंदुस्थानात १८७७ पासूनची. आधी पैसे, मग पुडके उघडणे, हा तिचा रिवाज. वस्तू घेताना पैसे देण्याच्या आजच्या व्यवहारातही बहुधा तेच घडते आणि त्याचा लाभ लबाड घेतात. कोणी न मागविलेले पार्सल येते. घरातील वडीलधारे, मुलाने मागविले असेल, असे समजून पैसे देऊन मोकळे होतात. त्यासाठी काय मागविले आणि किती देणे आहे, हे मागविणाऱ्याने घरी आधीच सांगून ठेवावे.

ओटीपी हा आजचा दाराचा अडसर. पार्सल डोळ्यांसमोर आल्यावाचून तो सांगू नये. दूरध्वनीवर तर मुळीच नाही. ‘पत्ता अपूर्ण आहे, अल्प शुल्क भरा’ असा संदेश आला, तर त्यातील दुव्याला हात न लावता मूळ विक्रेत्याकडेच चौकशी करावी.

घरी कोणी नसेल, तर शेजाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव आधी कळवावे, कचेरीचा पत्ता द्यावा, किंवा पोस्टात जाऊन पार्सल आणावे. वेष्टन फाटलेले वा पुन्हा चिकटविलेले दिसल्यास ते घेऊ नये. मौल्यवान वस्तू उघडताना चित्रफीत घ्यावी, म्हणजे तक्रारीला पुरावा राहतो. ‘पोचले’ अशी खोटी नोंद दिसली, तर शेजारी व पहारेकरी यांच्याकडे विचारून त्याच दिवशी तक्रार करावी. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा क्रमांक १९१५ आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर विलंब न लावता १९३० वर कळवावे.

या गोष्टी तरुणांना सहज उमगतात. पण दुपारी घरी असतात ते बहुधा वृद्ध आईवडील, आणि दार उघडतात तेच. दूरच्या मुलाने औषधांबरोबर ही चार वाक्येही त्यांच्यापर्यंत पोचविली, तर बटवडा खऱ्या अर्थाने पुरा होईल.