रासायनिक बदल

ज्या बदलात पदार्थाचे संघटन पालटून निराळ्या गुणधर्मांचा नवा पदार्थ तयार होतो, त्यास रासायनिक बदल म्हणतात. चुनखडी कुटून तिची पूड केल्यास पदार्थ तोच राहतो. हा भौतिक बदल होय. तीच चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) भट्टीत सुमारे ९००° से. तापमानास भाजली असता मात्र तिचे अपघटन होऊन कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) मागे राहतो व कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो.

१०० ग्रॅ. शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅ. चुना मिळतो. उरलेले ४४ ग्रॅ. नष्ट होत नाहीत, तर वायुरूपाने बाहेर पडतात. ही घट वायूमुळे होते, हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वजने करून दाखविले. विक्रियेत एकूण द्रव्यमान कायम राहते, हे तत्त्व ए. एल. लव्हॉयझर यांनी १७८९ मध्ये स्पष्टपणे मांडले.

भाजण्यास उष्णता पुरवावी लागते. उलट, कळीचा चुना पाण्याने विरविताना इतकी उष्णता बाहेर पडते की, पाणी उकळू लागते. म्हणून त्या वेळी डोळे विशेष जपावे लागतात. विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) गिलाव्यात हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो व गिलावा टणक होतो.

सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीचे असेच अपघटन होते. त्यामुळे केवळ इंधन बदलून तेथील कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन पूर्णपणे थांबत नाही. त्याचा मोठा भाग खुद्द दगडातूनच येतो.