अंगरखा आणि अंगण

आमच्या वसईंत शिंप्यासहि 'मास्तर'च म्हणतात. मलाहि लोक चाळीस वर्षें तेंच म्हणत आले. गेल्या वैशाखांत हे दोन मास्तर आमच्या ओटीवर एकत्र आले, आणि शिकण्याची पाळी माझ्यावर आली.

हकीगत अशी. माझी वडील बहीण, अक्का, आमच्याजवळच असते. खांदा आखडल्यामुळें तिला हात मागें नेतां येत नाहीं. पोलकें घालणें ही रोजची शिक्षाच होऊन बसली होती. धाकट्या सूनबाईनें शिंप्यास व्हॉट्सॲपवरून अडचण कळविली. त्यांनीं लागलींच तीन नमुन्यांचीं चित्रें पाठविलीं. अक्कानें तिन्ही नापसंत केले. "अरे, चित्रांतल्या बाईचा खांदा दुखत नाहीं!" शेवटीं मास्तर स्वतः आले, अक्काचा हात कोठवर उचलतो तें पाहिलें, आणि पुढें गुंड्या व खांद्यावरहि उघडणारें पोलकें बेतलें. तें ती आज कोणाच्या मदतीवांचून घालते.

वापरणारासच आखणींत घ्यावें, ह्या रीतीस आतां शास्त्राची प्रतिष्ठा आली आहे. १९७० नंतरच्या दशकांत नॉर्वेमध्यें क्रिस्टन नायगार्ड ह्या पंडितानें लोखंड व धातु कामगारांच्या संघाबरोबर काम करून, कारखान्यांत येणाऱ्या संगणकांची योजना कामगारांच्या विचारानें व्हावी असा प्रयत्न केला. २००० सालीं शिकागोस 'थ्रेडलेस' नांवाची पेढी निघाली. सदऱ्यांवरील चित्रें लोकांनींच काढावयाचीं, मतेंहि लोकांनींच द्यावयाचीं, आणि निवड होईल तें छापावयाचें. आमच्या आजीला ह्याचें नवल वाटलें नसतें. गुळेदगुडचा खण पुढ्यांत घेऊन ती शिंप्याशीं घटकाभर वाद घालीत असे. असो.

त्याच सायंकाळीं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप-गटांत अंगणाचा नवा आराखडा आला. चित्र मोठें देखणें. बिऱ्हाडें बत्तीस, आणि रात्रीपर्यंत एकवीस जणांनीं पसंतीचा अंगठा उमटविला. त्यांत माझाहि होता. जन्मभर पोरांना 'अंगठेबहाद्दर राहूं नका' म्हणून बजावलें, आणि स्वतः मजकूर न वाचतां अंगठा दिला! बदामाखालचा कट्टा काढून तेथें मोटारी उभ्या करावयाच्या, हें मला अक्कानें विचारल्यावर कळलें. ती रोज त्या कट्ट्यावर बसते. "मला कोणीं विचारलें?" एवढेंच ती म्हणाली.

१९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणें अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा, अंगठ्यांचा नव्हे, हें मला ठाऊक होतें. पण कायद्यानेंहि अक्काची सोय होत नव्हती. मत सभासदाचें, ती कोठें सभासद होती? तेव्हां सूनबाई व मी वही घेऊन दारोदार फिरलों. सात घरांतील वृद्धांपाशीं मोबाईल नव्हता, किंवा असून त्यांना गटांत कोणी घेतलें नव्हतें. पहारेकरी व धुणीं-भांडीं करणाऱ्या दोघी बाया दुपारचा डबा त्याच कट्ट्यावर खातात, हें तर इतक्या वर्षांत माझ्या लक्षांतहि आलें नव्हतें.

आमची महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि आसपासचीं गांवें मिळून झाली. व्हॉट्सॲपचा जन्महि त्याच सालचा. पाणी, रस्ते, गटारें ह्यांच्या तक्रारी आतां तेथेंच चालतात, आणि त्या वेगाचा उपयोग मी नाकारीत नाहीं. परंतु त्यापूर्वीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखालीं 'हरित वसई'ची जी चळवळ झाली, तिला माणसें जमवावीं लागलीं तीं उन्हातान्हांत गांवोगांव जाऊन. जो फिरतो त्याला न बोलणाराहि भेटतो.

सभा दोन तास चालली. एका गृहस्थानें "व्हॉट्सॲपवर ठरलेलें मोडतां कशाला?" असा सवाल केला, आणि तो अगदींच गैर नव्हता; त्याची मोटार खरोखरच रस्त्यावर उभी राहते. शेवटीं कट्टा राहिला, मोटारींच्या दोन जागा कमी झाल्या. तो गृहस्थ अद्याप माझ्याशीं बोलत नाहीं.

जुना कट्टा फार ठेंगणा. उठतांना गुडघे कुरकुरत. दुरुस्तीच्या दिवशीं गवंड्यानें अक्कास खुर्चीवर बसविलें आणि जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत सुतळी धरून माप घेतलें. शेजारच्या दोघी म्हाताऱ्या आपापलें माप देण्यासाठीं तिच्यामागें उभ्या होत्या.