सोनेरी वेणी

पडद्यावर एक आजोबा खुर्चीत बसलेले असतात. पापण्या लवतात, हात जरासा हलतो, पण ते बोलत नाहीत. आपण काही विचारू म्हणून थांबलेले असतात. एखादी विद्यार्थिनी माइकपाशी जाऊन विचारते, ‘तुम्हाला बहीण होती का?’ आणि आजोबा सांगू लागतात.

हे पिंचस गटर. जन्म १९३२चा, पोलंडमधल्या वूच शहरातला. १९४३मध्ये, अकराव्या वर्षी, नाझींनी त्यांना वॉर्सा घेट्टोतून मायदानेकच्या छळछावणीत नेलं. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ साली स्थापलेल्या शोआ फाउंडेशनकडे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, म्हणजे होलोकॉस्टमधून, वाचलेल्यांच्या पन्नास हजारांहून अधिक मुलाखती आहेत. पडद्यावरची ही मुलाखत मात्र वेगळी. २०१४मध्ये गटर यांना दीड हजारांहून जास्त प्रश्न विचारले गेले. चहूबाजूंनी कॅमेरे, कपडे तेच, बैठक तीच. कुठलंही उत्तर कुठल्याही उत्तरानंतर लावलं तरी सांधा दिसू नये, म्हणून हा खटाटोप.

संगणक प्रश्नाचा रोख ओळखतो आणि साठ्यातलं जुळणारं उत्तर काढून दाखवतो. पदरचा एक शब्दही घालत नाही. उत्तर नसेल तेव्हा काय म्हणायचं, तेही गटर यांनीच आधी बोलून ठेवलंय. या संयमानं मी थक्क होते. यंत्राला आज काहीही रचता येतं, पण साक्षीदाराच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य घातलं की साक्षच संपते.

शाळेत मात्र मुलं ‘साठ लाख ज्यू मारले गेले’ हा आकडा पाठ करतात. काही वर्गांत तर मुलांना कैदी आणि पहारेकरी करून छावणीचं नाटक करवतात. ते करू नये, असं वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शिक्षकांना बजावतं, आणि मला ते मनापासून पटतं. ती यातना खेळून कळत नाही. विचारावं, आणि मग गप्प बसून ऐकावं.

सबिना ही गटर यांची जुळी बहीण. मायदानेकला पोहोचले त्याच दिवशी ती आणि आईवडील मारले गेले. आईकडे धावत जाऊन तिला बिलगलेली सबिना त्यांनी शेवटची पाहिली. इतक्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या या माणसाला जुळ्या बहिणीचा चेहरा आठवत नाही. आठवते ती फक्त तिची सोनेरी वेणी.

एवढं सांगून ते थांबतात, आणि पुन्हा समोर बघत राहतात.