स्वस्त असूनही आपटलेला फोन

दिग्रसमधल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात दुरुस्तीला आलेले फोन पाहा; बहुतेक अँड्रॉइडचेच, आयफोन एखादाच. गूगलने अँड्रॉइड बाकीच्या कंपन्यांना वापरू दिलं, म्हणून स्वस्त फोन निघाले. ॲपलने आयओएस स्वतःपुरतीच ठेवली.

पण नुसत्या स्वस्ताईनं भागत नाही. २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स प्रणालीचा फोन अवघ्या १,९९९ रुपयांना आणला. त्यावर अधिकृत व्हॉट्सॲपच नव्हतं! कापसाचा भाव गावच्या ग्रुपवर बघणाऱ्याने तो का घ्यावा? फोन चालला नाही.

गंमत म्हणजे त्याच प्रणालीतून निघालेली कायओएस २०१७ मध्ये बटणांच्या जिओफोनमधून खेडोपाडी पोचली. अनामत १,५०० रुपये. व्हॉट्सॲप मात्र तिच्यावरही सप्टेंबर २०१८ मध्येच आलं.