शब्दांनी लपवले, गाण्यांनी उघड केले : ‘बफी’च्या सांगीतिक भागाचा अल्बम

अमेरिकेतील ‘बफी द व्हँपायर स्लेयर’ या अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिकेचा ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’ हा भाग ६ नोव्हेंबर २००१ रोजी यूपीएन वाहिनीवर प्रसारित झाला. या भागातील पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात आणि इच्छा नसतानाही मनातील गुपिते गाण्यातून सांगून टाकतात. या गाण्यांचा अल्बम सप्टेंबर २००२ मध्ये राऊंडर रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. मालिकेतील एका भागाची गाणी स्वतंत्र अल्बम म्हणून ऐकली जावीत, असे त्यांत काय आहे? याचे उत्तर गाण्यांच्या चालींत जितके आहे, तितकेच त्यांना कथेत दिलेल्या कामात आहे.

गाण्यापूर्वीची कथा

जॉस व्हीडन यांनी निर्माण केलेली ही मालिका मार्च १९९७ ते मे २००३ या काळात सात पर्वांत प्रसारित झाली. सनीडेल या काल्पनिक गावातील बफी समर्स ही तरुणी रक्तपिपासू पिशाच्चे आणि राक्षसांशी लढते. वरवर भयकथा असली, तरी वयात येणे, मैत्री, प्रेम आणि शोक हे मालिकेचे खरे विषय होते.

मे २००१ मध्ये प्रसारित झालेल्या पाचव्या पर्वाच्या अखेरच्या भागात धाकटी बहीण डॉन हिला आणि जगाला वाचवताना बफी प्राणार्पण करते. त्यानंतर मालिका ‘द डब्ल्यूबी’ वाहिनीवरून यूपीएनकडे गेली. सहाव्या पर्वाच्या प्रारंभी बफीचे मित्र मंत्रसामर्थ्याने तिला जिवंत करतात. ती एखाद्या नरकात यातना भोगत असेल आणि आपण तिची सुटका केली, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ती स्वर्गात, शांततेत होती. मित्रांनी प्रेमापोटी केलेल्या कृत्याने ते सुख हिरावले गेले. मित्र दुखावतील म्हणून ती हे सांगत नाही. स्पाइक या पिशाच्चाखेरीज कोणालाही ते ठाऊक नसते. पुन्हा जगायला लागलेली, पण जगण्यात मन नसलेली बफी सांगीतिक भागाच्या पहिल्या गाण्यात भेटते.

गाणे हाच शाप

भारतीय प्रेक्षकाला पात्रांनी मध्येच गाण्याचे आश्चर्य वाटत नाही. पडद्यावर गाणे सुरू झाले की ‘ही माणसे का गात आहेत’ असा प्रश्न आपण विचारत नाही. या भागात मात्र पात्रेच तो प्रश्न विचारतात. सारे गाव गात आहे, यामागे काहीतरी जादू असावी, अशी त्यांना शंका येते आणि ती शंकाही गाण्यातूनच व्यक्त होते. कपड्यावरचा मोहरीच्या चटणीचा डाग निघाल्याचा आनंद एक गृहस्थ रस्त्यात गाऊन साजरा करतो. वाहतुकीच्या नियमभंगाचा दंड माफ व्हावा म्हणून एक स्त्री पोलिसासमोर सुरांत विनवणी करते. ही दोन छोटी गाणी अनुक्रमे डेव्हिड फ्युरी आणि मार्टी नॉक्सन यांनी गायली असून दोघेही मालिकेच्या लेखक-निर्मात्यांपैकी आहेत.

या साऱ्यामागे स्वीट नावाचा राक्षस असतो. त्याच्या प्रभावाखाली लोक मनातले गाऊ लागतात. भावनेचा वेग अनावर झाला की नाचता नाचता त्यांचे शरीर पेट घेते. त्यामुळे इथे गाणे हे एकाच वेळी करमणूक आणि धोका ठरते. ही भूमिका ब्रॉडवे रंगभूमीवरील ख्यातनाम नर्तक-अभिनेते हिंटन बॅटल यांनी केली. टोनी पुरस्काराचे तीन वेळा मानकरी ठरलेल्या बॅटल यांचे जानेवारी २०२४ मध्ये निधन झाले.

प्रत्येक गाण्यात एक कबुली

अल्बम क्रमाने ऐकला तर चित्राशिवायही कथेचा गाभा समजतो, कारण जवळजवळ प्रत्येक मुख्य गाण्यानंतर कोणाचे तरी नाते पूर्वीसारखे राहत नाही. लग्न ठरलेले झँडर आणि अन्या एकमेकांविषयीच्या शंका १९३० च्या दशकातील विनोदी युगुलगीतांच्या ढंगात मांडतात. ऐकताना हसू येते, पण त्याच पर्वात पुढे झँडर लग्नाच्या दिवशीच माघार घेतो आणि त्या शंकांना वेगळाच अर्थ येतो. बफीचा मार्गदर्शक जाइल्स एका संथ गीतात मान्य करतो की आपल्या आधारामुळे ती स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही, म्हणून आपण दूर जायला हवे.

टारा ही तरुणी विलो या आपल्या प्रेयसीसाठी गाते. प्रेमाने आपल्यावर मोहिनी घातली आहे, असा तिच्या गाण्याचा आशय आहे. थोड्याच वेळात तिला कळते की दोघींमधील भांडण विसरले जावे म्हणून विलोने तिच्या स्मृतीवर खरोखरच मंत्रप्रयोग केला होता. प्रियकर-प्रेयसीच्या भाषेतले रूपक शब्दशः खरे ठरते आणि गोड गाणे कडू होते. अल्बममध्ये पुढे टाराचे आणि जाइल्सचे गीत एकत्र गुंफलेले ऐकू येते. दोघेही आपल्या प्रिय व्यक्तीला सोडण्याचा निर्णय घेत आहेत, हे ती रचना एकाही अतिरिक्त संवादाशिवाय सांगते.

कळसाच्या गाण्यात बफी आपले गुपित मित्रांसमोर उघड करते. गाणे संपल्यावरही तिचे नृत्य थांबत नाही आणि ती पेट घेण्याच्या बेतात असते, तेव्हा स्पाइक तिला आवरतो. जगणे हे गाण्यासारखे नसते, ते जगतच राहावे लागते, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. मित्रांना आपली चूक कळते, पण ती सुधारण्याचा मार्ग कोणापाशीही नसतो. शेवटचे समूहगीत ‘आता पुढे कुठे जायचे’ या प्रश्नावर थांबते. संगीतिकेकडून अपेक्षित असलेला सुखान्त इथे हेतुपूर्वक नाकारलेला आहे.

गायक नसलेल्यांचे गाणे

या भागाचे लेखन, दिग्दर्शन आणि गीत-संगीत व्हीडन यांचे आहे. ते व्यवसायाने संगीतकार नव्हते. त्यांनी रचलेल्या गाण्यांना वाद्यमेळाचे रूप देण्याचे काम जेसी टोबायस आणि क्रिस्टोफ बेक यांनी केले. नृत्यदिग्दर्शन अ‍ॅडम शँकमन यांचे होते. त्यांनीच पुढे २००७ मध्ये ‘हेअरस्प्रे’ हा संगीतप्रधान चित्रपट दिग्दर्शित केला.

मालिकेतील कलाकारांनी आपापली गाणी स्वतः गायली. जाइल्सच्या भूमिकेतील अँथनी हेड यांना संगीत रंगभूमीचा अनुभव होता. सारा मिशेल गेलर यांना मात्र आरंभी गाण्याचा संकोच होता. विलोच्या भूमिकेतील अ‍ॅलिसन हॅनिगन यांच्या विनंतीवरून त्यांच्या वाट्याला मोजक्याच ओळी ठेवल्या गेल्या. डॉनची भूमिका करणाऱ्या मिशेल ट्रॅक्टेनबर्ग यांना गाण्यापेक्षा नृत्याची आवड होती, म्हणून त्यांच्यासाठी बॅले नृत्याचा प्रसंग योजला गेला. त्यांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये निधन झाले. अल्बममध्ये काही आवाज कसलेले तर काही बिचकते ऐकू येतात. पात्रे स्वतःहून गात नसून त्यांच्याकडून गाऊन घेतले जात आहे, या कल्पनेला हा फरक पोषकच ठरला. संगीत दिग्दर्शनासाठी या भागाला २००२ मध्ये एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

मौन आणि मृत्यूही त्याच अल्बममध्ये

अल्बमच्या उत्तरार्धात बेक यांनी अन्य भागांसाठी रचलेले पार्श्वसंगीत आहे आणि ती निवड लक्षणीय आहे. त्यांतील एक रचना १९९९ मधील ‘हश’ या भागातील आहे. त्या भागात साऱ्या गावाची वाचा जाते आणि बराच काळ एकही शब्द उच्चारला जात नाही. बोलण्याचे काम संगीतालाच करावे लागते. वाचा गेलेले गाव आणि गाण्यावाचून राहू न शकणारे गाव, अशी दोन टोके त्यामुळे एकाच अल्बममध्ये येतात. दुसरी रचना पाचव्या पर्वाच्या अखेरीस बफीच्या बलिदानाच्या प्रसंगी वाजलेली आहे. ज्या मृत्यूची शांती हरवल्याचे दुःख बफी गाण्यातून सांगते, त्या मृत्यूचे संगीतही श्रोत्याला तिथेच ऐकायला मिळते. बेक यांना याच मालिकेच्या संगीतासाठी १९९८ मध्ये एमी पुरस्कार मिळाला होता. पुढे ‘फ्रोझन’ या २०१३ मधील चित्रपटाचे पार्श्वसंगीतही त्यांनीच दिले.

श्रेय आणि मोबदला

या भागाचे खेळ पुढे अमेरिकेतील चित्रपटगृहांत होऊ लागले. प्रेक्षक पडद्यावरील पात्रांबरोबर गात असत. अशा प्रदर्शनांतून कलाकारांना द्यावयाच्या मोबदल्याचा वाद त्यांच्या संघटनेने उपस्थित केल्यानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सार्वजनिक खेळांची परवानगी काढून घेतली. दूरचित्रवाणीसाठी गायलेल्या आवाजाचा पुढील वापरातील वाटा कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

श्रेयाचा प्रश्न आणखी एका अर्थाने उभा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अभिनेत्री करिश्मा कार्पेंटर यांनी व्हीडन यांच्यावर कामाच्या ठिकाणी गैरवर्तनाचे आरोप केले आणि गेलर, ट्रॅक्टेनबर्ग तसेच टाराची भूमिका करणाऱ्या अंबर बेन्सन यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. व्हीडन यांनी नंतर एका मुलाखतीत त्यांतील अनेक आरोप नाकारले. तेव्हापासून या मालिकेकडे एका व्यक्तीची निर्मिती म्हणून पाहण्याऐवजी अनेकांच्या श्रमांचे फळ म्हणून पाहावे, असा आग्रह चाहत्यांमध्येही दिसतो. अल्बम त्या आग्रहाला पुष्टी देतो, कारण त्यात अभिनेते, लेखक आणि संगीतकार या साऱ्यांचे आवाज आणि हात स्पष्टपणे जाणवतात.

अल्बमच्या शेवटी बफीच्या कबुलीगीताचा एक कच्चा नमुना आहे. तो व्हीडन आणि त्यांच्या तत्कालीन पत्नी काय कोल यांनी गायलेला आहे. वाद्यमेळ, नृत्य आणि पडदा यांपैकी काहीही नसलेल्या या ध्वनिमुद्रणात एका तरुणीचे न सांगता येणारे दुःख तेवढे उरते. पुढचा सारा डोलारा त्याच्यावरच उभा राहिला.