ईसीयू ट्यूनिंग

ईसीयू ट्यूनिंग म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आकड्यांत गरजेनुसार केलेली जुळवणी. ईसीयू हे ‘इंजिन कंट्रोल युनिट’ या नावाचे संक्षिप्त रूप होय. सिलिंडरात किती इंधन सोडावयाचे आणि ठिणगी केव्हा पाडावयाची, हे दोन प्रमुख निर्णय हा संगणक सेकंदात अनेक वेळा घेतो. गॅरेजांच्या बोलीत या कामास ‘रीमॅपिंग’ असेही म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील शहाड, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात सीएनजी किटची संगणकावरून केलेली जुळवणी हे त्याचे नेहमी आढळणारे रूप आहे.

पार्श्वभूमी

बॉश कंपनीने १९६७ मध्ये विद्युत-नियंत्रित इंधन अंतःक्षेपण बाजारात आणले. इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे देणारी तिची ‘मोट्रॉनिक’ प्रणाली १९७९ मध्ये आली. भारतात १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० कार्ब्युरेटरवर चालत असे. इ.स. २००० च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम लागू झाले, तशी पेट्रोल मोटारींतून कार्ब्युरेटरची हकालपट्टी होत गेली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतही इंजेक्टर आणि ईसीयू सर्रास दिसू लागले. स्क्रू फिरवून आणि कानाने आवाज ऐकून मिश्रण जुळवणाऱ्या मिस्त्रीला त्यामुळे स्कॅनर व लॅपटॉप हाती घ्यावा लागला. त्याचा कान मात्र निरुपयोगी झालेला नाही. नॉकिंगचा खडखडाट अनुभवी माणूस आजही पडद्यावरील आलेखाआधी ओळखतो.

नकाशा

ईसीयूतील ‘मॅप’ म्हणजे वस्तुतः एक कोष्टक. त्याच्या एका बाजूस इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूस इंजिनावरील भार (बहुधा इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब) आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवावयाचा, हे ठरते. ठिणगीच्या वेळेसाठी असेच स्वतंत्र कोष्टक असते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास १ भाग इंधनामागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुराड्यातील ऑक्सिजन संवेदक हे प्रमाण साधले की नाही ते कळवतो आणि ईसीयू त्यानुसार इंधनात टक्केवारीने वाढ-घट करतो. या दुरुस्तीस ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात.

शहाडवरून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता या व्यवस्थेचे चांगले उदाहरण ठरतो. उल्हास नदीकाठचे शहाड समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. घाटमाथा सुमारे ७०० मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब जवळपास ८ टक्क्यांनी कमी भरतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत चढावर मिश्रण दाट होई व पिकअप पडे. ईसीयू दाबाचा आकडा वाचून कोष्टकातील दुसऱ्या चौकटीकडे सरकतो आणि इंधन आपोआप कमी करतो.

सीएनजीची जुळवणी

सिक्वेन्शिअल सीएनजी किटमध्ये गॅससाठी दुसरा ईसीयू असतो. तो मूळ ईसीयूने पेट्रोलसाठी काढलेला वेळ घेतो, त्यास एका गुणकाने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचे इंजेक्टर उघडतो. म्हणून येथे कसोटी सोपी आहे: त्याच फेऱ्या आणि त्याच भारावर पेट्रोलचा वेळ दोन्ही इंधनांवर सारखा राहिला पाहिजे. समजा, आयडलिंगला तो पेट्रोलवर ३.५ मिलिसेकंद होता आणि गॅसवर गेल्यावर हळूहळू ४.२ वर स्थिरावला. याचा अर्थ त्या चौकटीत गॅस कमी पडत आहे आणि मूळ ईसीयू २० टक्के वाढ मागून उणीव भरून काढत आहे. तेथील गुणक वाढवावा लागतो.

हे न जाणता केवळ ‘ॲव्हरेज’ वाढावा म्हणून गॅस कमी केला, तर ऑक्सिजन संवेदकाच्या जोरावर गाडी काही दिवस नीट चालल्यासारखी भासते. पुढे मिसफायर, मॅनिफोल्डमधील बॅकफायर आणि व्हॉल्व्हच्या बैठकांची झीज हे विकार उद्भवू शकतात. गॅस कोरडा जळत असल्याने या बैठकांना तसेही पेट्रोलइतके वंगण मिळत नाही. मालकाच्या पदरी इंजिन उघडण्याचा खर्च येतो तो बहुधा येथेच.

नवशिक्याचा अभ्यासक्रम

आरंभ बदलाने नव्हे, वाचनाने करणे इष्ट. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला स्वस्त ॲडाप्टर जोडून मोबाइलवर फेऱ्या, दाब, तापमान आणि ट्रिम पाहता येतात. ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांपलीकडे गेली असेल, तर आधी एअर फिल्टर, हवेची गळती, प्लग व इंधनाचा दाब तपासावा. यांत्रिक दोष नकाशात झाकणे ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक होय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्यास आदर्श गुणोत्तर १३.५ च्या आसपास उतरते, त्यामुळे ट्रिममधील थोडी वाढ दोष मानू नये.

सरावासाठी मेगास्क्वर्ट किंवा स्पीड्युइनो यांसारखे खुले ईसीयू टेबलावर सिम्युलेटरला जोडून वापरता येतात. तेथे चुकल्याने पिस्टन वितळत नाही. प्रत्यक्ष गाडीवर काम करताना मूळ फाइलची प्रत प्रथम जपून ठेवावी. लेखन चालू असता बॅटरीचा दाब पडल्यास ईसीयू बंद पडू शकतो, म्हणून चार्जर लावलेला असावा. एका वेळी एकच बदल करून नोंद ठेवावी. पूर्ण भारावरील इंधन आणि ठिणगीचे कोष्टक वाइडबँड संवेदक व जाणकार यांच्यावाचून हाताळू नये.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकास करता येत नाही. मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलण्यास त्याच कलमात वाट आहे; त्याची नोंद परिवहन कार्यालयात, म्हणजे शहाडच्या गाड्यांसाठी कल्याणला, करून घ्यावी लागते. अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय उत्पादकाची वॉरंटी धोक्यात येते.

पीयूसी चाचणी या बाबतीत अपुरी आहे. तीत पेट्रोल गाडीचा धूर जागच्या जागी, भाराविना तपासला जातो. चढावर किंवा वेगात बिघडणारा नकाशा तीतून सुटू शकतो. नकाशाचा परिणाम एका गाडीपुरता राहत नाही, हे २०१५ मध्ये दिसले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील सॉफ्टवेअरचे प्रकरण जगभर गाजले. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या.